तिसऱ्या घरातला आकडा

माझी बायको न्यूट्रॉन पकडते आणि मी दात काढतो. आई म्हणते, दोघांच्याही कामाला संयम लागतो. लागत असेल, पण माझा पेशंट निदान गालावर हात ठेवून सांगतो तरी की इथे दुखतंय. हिचा पेशंट दिसत नाही, त्याला कसला विद्युतभार नाही, आणि पाव तासाच्या आसपास तो मरून जातो. त्याच्या मरण्यावरच हिचं सगळं काम चालतं.

हे शास्त्र आमच्या घरात आधी बाबांनी आणलं. बाबा नोकरीची सगळी वर्षं न्यूट्रॉनच मोजत होते. संस्थेत त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. आता निवृत्त झाले तरी कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा सरच म्हणतो. माझी बायको त्यांची विद्यार्थिनी. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आधी ही खडू घेऊन फळ्यापाशी उभी, म्हणून त्यांनी तिचं नाव 'घाईबाई' ठेवलं आणि ते संस्थेत रुळलं. एकदा कुठल्याशा समीकरणावरून सरांशी भांडायला ती घरी आली. बाबा बाहेर गेले होते. दार मी उघडलं. 'येतीलच इतक्यात' असं सांगून मी तिला तासभर बसवून घेतलं. त्या समीकरणात कोण बरोबर होतं ते मला आजही माहीत नाही. माझं मात्र भलं झालं.

लग्नानंतर तिनं वाटणी करून टाकली. संस्थेत सर, घरात बाबा. जेवता जेवता तिच्या तोंडून चुकून 'सर' निघालं की आई ओळखायची, आता पानावर न्यूट्रॉन येणार. मग ती भाजीचं भांडं मध्ये आणून ठेवायची आणि म्हणायची, "आधी वाढून घ्या, मग काय ते फोडा."

बाबांचा आकडा काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

मी शाळेत होतो तेव्हा बाबांनी आईच्या आरशासमोर भोवरा फिरवून मला एक गंमत दाखवली होती. भोवरा जमिनीवर एका दिशेनं फिरतो. आरशातला भोवरा उलट्या दिशेनं फिरताना दिसतो. न्यूट्रॉनही भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो, आणि मरताना एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. आता तो इलेक्ट्रॉन वर फेकायचा की खाली, यात त्याचा पक्षपात असतो. असे पुष्कळ न्यूट्रॉन एकाच दिशेनं फिरत ठेवले, तर समजा खालच्या बाजूला इलेक्ट्रॉन जास्त जातात. आरशात बघा: फिरणं उलटं झालं, पण इलेक्ट्रॉन खालीच जास्त जाताना दिसतात. तसा न्यूट्रॉन आपल्या जगात नाहीच. म्हणजे आपलं जग आणि आरशातलं जग सारखं नाही. निसर्गाला डावं-उजवं कळतं.

"आमच्या धंद्यातही कळावं लागतं," मी पुढे डॉक्टर झाल्यावर बाबांना म्हणालो होतो. "डावीकडचा दुखत असताना उजवीकडचा काढला की पेशंट कोर्टात जातो."

पक्षपात असतो हे जगाला आधीपासून माहीत होतं. किती असतो, ते बाबांनी मोजलं. सूर्य किती सावकाश जळतो त्याचे हिशेब या आकड्यावर उभे आहेत, विश्वाच्या सुरुवातीला कोणता वायू किती तयार झाला त्याचेही. बाबांच्या गटाचा आकडा दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरापर्यंत पक्का मानला गेला. तो कोष्टकांत छापला गेला, पाठ्यपुस्तकांत गेला, आणि त्याच्या जोरावर पोरांनी डॉक्टरेट मिळवल्या. माझ्या बायकोनंसुद्धा.

मग तिनं स्वतःचा प्रयोग उभारला, आणि तो आकडा पुन्हा मोजायला घेतला.

मी एकदा तिची जागा बघून आलोय. मोठा हॉल, मधोमध काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत, पंपांची अखंड घरघर. बोलायचं तर जवळ जाऊन बोलावं लागतं. भिंतीपलीकडे न्यूट्रॉन तयार होतात, आणि जड हायड्रोजन गोठवून केलेल्या बर्फातून जाताना त्यांचा सगळा जोर उतरतो. तो बर्फ सांभाळणारा इंजिनिअर म्हणजे बर्फ्या. आडव्या बांध्याचा माणूस, बारा महिने बिनबाह्यांचं जाकीट घालतो आणि कुणी जोरात दार लावलं तर तोंड वाईट करतो.

"सरांचे न्यूट्रॉन बंदुकीच्या गोळीसारखे जायचे," ती मला कानाशी येऊन सांगत होती. "डिटेक्टरसमोरून सूं करून निघून गेले. त्यातला एखादाच नेमका तिथे मरायचा. माझे इतके सुस्त आहेत की सायकलवरचा माणूस त्यांना मागे टाकेल. वर फेकले तर एक मजला चढेपर्यंत दम संपतो आणि परत खाली येतात. भिंतीला आपटले की चेंडूसारखे माघारी. म्हणून त्यांना या नळीत भरून ठेवता येतं. मरा सावकाश, मी बसलेय मोजायला."

माणसापेक्षा लांब अशी ती नळी एका चुंबकाच्या पोटात आडवी होती. तिच्यात शिरायच्या आधी न्यूट्रॉन दुसऱ्या एका जबरदस्त चुंबकातून जायचे. योग्य दिशेनं फिरणारे आत, बाकीचे माघारी. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक डिटेक्टर. या टोकाला किती इलेक्ट्रॉन आले, त्या टोकाला किती, यातला फरक म्हणजे तो आकडा.

एका शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि ती दवाखान्यात आली. पेशंटच्या खुर्चीत आडवी झाली, पाय लांब केले.

"दिवा बंद कर, डोळ्यांवर येतोय," ती म्हणाली. "आकडा आलाय."

"मग?"

"बाबांचा चुकलाय."

मी हातमोजे काढत होतो, तो तसाच थांबलो. "नक्की?"

"नक्की. तिसऱ्या घरात. माझा मोठा येतो. मोजताना थोडंफार इकडेतिकडे होतंच, पण त्या अधिक-उण्यात बसणारा हा फरक नाहीये. मी भोवरे उलटे फिरवून बघितले, डिटेक्टरांची टोकं बदलली, चुंबक बंद करून चालू केला. आकडा जागचा हलत नाही."

"त्यांना सांगितलंस?"

"आधी तुला सांगायला आले. तुझे वडील आहेत."

तिच्या आवाजात ना काळजी होती, ना आनंद. कवळी नीट बसली की मी ज्या आवाजात 'आता चावून बघा' म्हणतो, तसा आवाज होता तो. मी विचारलं, "आता पुढे काय?" ती म्हणाली, "पुढे काय म्हणजे? छापायचं."

संस्थेच्या संचालकांना इतकं सोपं वाटलं नाही. ते सज्जन गृहस्थ आहेत, बाबांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी तिला बोलावून कॉफी दिली, आलेख दोन वेळा पाहिले आणि म्हणाले, "घाईबाई, काम सुंदर झालंय. एक सुचवू? तुमचं अधिक-उणे जरा मोठं धरा. सरांचंही तेव्हा थोडं लहानच धरलं गेलं असेल. दोन्ही आकडे एकमेकांना टेकतील. घरातलं घरात राहील."

"साहेब," ती म्हणाली, "अधिक-उणे मी मोजलंय, ठरवलेलं नाही."

"बरं. मग निदान छापायच्या आधी सरांच्या कानावर घाला."

"ते घालणारच होते."

रविवारी सकाळी बाबा मागच्या खोलीत एक जुना रेडिओ उघडून बसले होते. निवृत्तीनंतरचा त्यांचा हा उद्योग. ओळखीपाळखीचे लोक माळ्यावरचे रेडिओ आणून देतात. मी त्यांना टॉर्च धरून उभा होतो. ती आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सर, थोडं बोलायचंय."

घरात 'सर' ऐकल्यावर बाबांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

तिनं आडवळण घेतलं नाही. आकडा सांगितला, कसा तपासला ते सांगितलं. बाबा ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी अडवलं नाही, आणि तेच मला बरं वाटलं नाही; बाबा ज्याचं पटतं त्याला मध्येच अडवून पुढचं स्वतःच सांगतात.

"नळीच्या भिंतीला आपटताना किती भोवरे उलटतात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"प्रत्येक खेपेला नळी रिकामी करताना मोजलेत. नगण्य आहेत."

"चुंबकाचं क्षेत्र टोकांशी सैल पडतं."

"पडतं. ते धरलंय."

बाबांनी चष्मा काढला. "तुमचा आकडा बरोबर असेलही. पण दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवतात म्हणून त्यातलं जुनं चुकीचं, असं होत नाही. माझा का चुकला ते दाखवा. कारण दाखवा, मी मान्य करीन. तोवर माझा आकडा उभा आहे."

"दाखवीन," ती म्हणाली आणि उठली.

मला मात्र एकाच शब्दाचा धक्का बसला होता. 'तुमचा.' बाबा तिला विद्यार्थिनी होती तेव्हापासून 'अगं-तुगं' करत आले. ते 'तुम्ही' फक्त परिषदांत, विरुद्ध पार्टीच्या माणसाला म्हणायचे. त्या दिवसापासून घरात तेच सुरू झालं. 'तुम्ही पेपर वाचलात का?' 'तुम्हाला साखर हवी?' आईच्या ते लक्षात यायला संध्याकाळही व्हावी लागली नाही.

"अहो, भांडायचं असेल तर परिषदेत जाऊन भांडा," ती म्हणाली. "इथे ती माझी सून आहे. सुनेला अहो-जाहो करायला ती काय विहीण आहे?"

"मी आदरानं बोलतोय," बाबा म्हणाले.

"एवढा आदर मला कधी दाखवला नाहीत."

मी बायकोला एकटीला गाठून म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस."

ती हसली. "लावून कशाला घेऊ? सर 'तुम्ही' कुणाला म्हणतात माहितीये? ज्यांच्याकडून हरण्याची शक्यता वाटते त्यांना. मला तर बढती मिळाली."

पण कारण दाखवणं सोपं नव्हतं. बाबांचा प्रयोग मोडून कित्येक वर्षं झाली होती. तिनं तो डोक्यातच पुन्हा उभा केला. गाडीत, भाजी निवडताना, माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसून ती एकेक शक्यता काढायची आणि खोडायची. चूक अशी हवी होती की जिच्यामुळे पक्षपात आहे त्याहून कमी दिसेल. शेवटी एकाच गोष्टीवर तिचं बोट टेकलं.

"भिंतीवर चेंडू मारला तर काय होतं?" तिनं मला विचारलं.

"परत येतो."

"इलेक्ट्रॉनसुद्धा. डिटेक्टरवर येऊन आदळला, की एखादा आत शिरण्याऐवजी तोंडावरूनच उसळतो आणि उलटा धावत दुसऱ्या टोकाला जातो. खरं म्हणजे या टोकाचा, पण मोजला जातो त्या टोकाला. इकडचे तिकडे गेले की दोन्ही टोकांतला फरक काय होणार?"

"कमी."

"तेच. असे किती उसळतात हे त्या वेळी कुणी मोजलं नव्हतं. सरांच्या गटात एक प्रोग्राम लिहिला होता, त्यानं हिशेब करून तेवढी दुरुस्ती आकड्यात टाकली. प्रोग्रामनं कमी सांगितलं असेल तर?"

बाबांचे डिटेक्टर फेकलेले नव्हते. संस्थेच्या गोदामात, मोडक्या खुर्च्यांखाली, एका खोक्यात ते पडून होते. बर्फ्यानं आणि तिनं ते काढले, पुसले. एका बाजूच्या खोलीत छोटी इलेक्ट्रॉनची बंदूक होती, हव्या तेवढ्याच जोरानं इलेक्ट्रॉन सोडणारी. जुन्या डिटेक्टरवर त्या बंदुकीनं मारा करायचा आणि किती उसळून परत येतात ते सरळ मोजायचं, असं ठरलं. अडचण एकच होती. डिटेक्टरच्या तोंडावर एक पापुद्रा असतो, केसाहून कितीतरी पातळ. जुना फाटला होता. त्याच जातीचा नवा तिला मिळाला, पण तो सुरकुती न पडता ताणून बसवणं हे कौशल्याचं काम.

नाश्त्याला ती म्हणाली, "सोमवारी तुमच्या डिटेक्टरवर इलेक्ट्रॉन सोडणार आहोत. पापुद्रा बदलावा लागेल."

"कोण बसवणार?" बाबांनी विचारलं.

"मी."

"तुम्हाला जमणार नाही. तुम्ही कड आधी चिकटवाल."

"मग तुम्ही या."

बाबांनी कपातला चहा संपवला. "येतो," म्हणाले.

माझा दवाखाना सोमवारी बंद असतो, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. बाबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. फाटकावरच्या माणसानं त्यांचा मुदत संपलेला पास पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

मी माणसांचे हात बघतो, सवयच आहे. घरी चहाची बशी धरताना बाबांचे हात अलीकडे थरथरतात. चिमटा हातात आला आणि ते थांबलं. त्यांनी पापुद्रा कडीवर अलगद सोडला, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं ताणत गेले. ती, बर्फ्या आणि मी बाजूला उभे होतो. शेवटी त्यांनी त्यावर तिरका उजेड टाकून पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. कुठे सुरकुती नव्हती.

"कड शेवटी," ते घाईबाईला म्हणाले.

"कळलं," ती म्हणाली.

आतली हवा काढायला बराच वेळ लागणार होता. आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. बाबा बऱ्याच दिवसांनी तिथे येत होते. येता-जाता लोक थांबत होते, नमस्कार करत होते. कशासाठी आलात, असं विचारलं की बाबा सांगत, "माझं जुनं यंत्र तपासायला सूनबाईनं बोलावलंय." त्यांच्या आवाजात कुठेही संकोच नव्हता.

"तेव्हा अशी बंदूक होती?" मी विचारलं.

"इतक्या कमी जोराची नव्हती. जी होती ती जोरानं मारायची. तेवढ्या जोराचे इलेक्ट्रॉन सहसा उसळत नाहीत, आत घुसतात. त्यांच्यावर प्रोग्राम तपासला, जुळला. खालच्या जोराला जुळेल असं धरलं. आज तशीच परिस्थिती असती तर आजही तेच केलं असतं." मग ते बशीतल्या चमच्यानं टेबलावर रेघा ओढत बसले. ते काय हिशेब करत होते ते मला नंतर कळलं.

दुपारी बंदूक सुरू झाली. पडद्यावर आकडे चढायला लागले. बर्फ्या एका बाजूला, घाईबाई एका बाजूला, आणि मधल्या खुर्चीत बाबा. थोड्या वेळानं चित्र स्थिर झालं. प्रोग्राम सांगत होता त्याच्या जवळजवळ दीडपट इलेक्ट्रॉन उसळून परत येत होते.

बर्फ्यानं आपल्या जाकिटाची चेन उगाच वरखाली केली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, बंदुकीचा जोर बदलायला सांगितला, पुन्हा बघितलं. मग डिटेक्टर थोडा तिरका करायला सांगितला, पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी तेच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कारण सापडलं. आता तुमचा लावा."

"माझा?" ती म्हणाली.

"उसळण्याची दुरुस्ती तुम्ही कशानं केलीत?"

माझ्या बायकोनं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. तिनंही तोच प्रोग्राम वापरला होता. शिकत असताना तो बाबांच्या गटातून तिच्या हाती आला, तिनं तो नव्या यंत्रावर चढवला, आणि चालतो म्हणून चालू ठेवला. तिच्या डिटेक्टरचा पापुद्रा पुष्कळ पातळ होता, त्यामुळे उसळणारे मुळातच थोडे, दुरुस्ती लहान. म्हणून तिनं तिकडे पाहिलंच नव्हतं.

तिला म्हणता आलं असतं की माझी दुरुस्ती किरकोळ आहे. ती मान्य झालीही असती. ती म्हणाली, "लावूया. जादाचा डिटेक्टर कपाटात आहे."

ते काम मंगळवारी झालं. मी दवाखान्यात होतो, पण संध्याकाळी त्यांना आणायला गेलो तेव्हा शेवटचं मोजमाप चाललं होतं. तिच्याही डिटेक्टरवर प्रोग्राम कमी सांगत होता. चूक लहान होती, पण तिनं जे अधिक-उणे धरलं होतं त्याच्या जराशी बाहेर जाणारी. तशीच छापली असती तर आणखी काही वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी येऊन तिला सांगितलं असतं.

तिनं तिथेच उभ्यानं आकडा नव्यानं काढला. बाबा तिच्या खांद्यावरून बघत होते. तिचा आकडा आधीच मोठा होता. आता तो आणखी थोडा वर सरकला.

बाबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "मी तुला खाली ओढायला आलो होतो," ते म्हणाले, "तू आणखी वर जाऊन बसलीस."

"तुम्ही विचारलंत म्हणून," ती म्हणाली.

"विचारायचंच असतं. चल, आता माझा काढ."

तिनं खुर्ची ओढली आणि बाबांच्या आकड्यात नवी दुरुस्ती घातली. तो वर चढला, तिच्यापेक्षा मोठ्या ढांगा टाकत, आणि तिच्या नव्या आकड्याच्या शेजारी येऊन थांबला. कुणाचंही अधिक-उणे ताणावं लागलं नाही. बर्फ्या म्हणाला, "साहेबांना वर जाऊन सांगू का, टेकले म्हणून?"

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला कळलं ते तिनं एका वाक्यात मांडलं. "म्हणजे लोकांच्या सुनांना सासरकडून दागिने येतात, हिला चूक आली."

"दोघी सांभाळून वापरत होतो," घाईबाई म्हणाली. "मी आणि सर."

"दोघी काय, दोघं म्हण," आई म्हणाली. "आणि जेवायला बसा."

संचालकांना आता मोठा कार्यक्रम करायचा होता. गुरू आणि शिष्या, सासरे आणि सून, दोघांचा मिळून एकच पेपर, वर्तमानपत्रात फोटो. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. "तिच्या पेपरात मी पाहुणा म्हणून बसणार नाही. नळी तिची, न्यूट्रॉन तिचे. माझ्या आकड्याची दुरुस्ती मी माझ्या नावावर छापीन, दोन पानांत मावेल."

ती दोन पानं त्यांनी मागच्या खोलीत रेडिओ बाजूला सारून लिहिली. पहिला मसुदा तिनं वाचला आणि एक परिच्छेद काढायला लावला, कारण त्यात बाबांनी तिची जरुरीपेक्षा जास्त स्तुती केली होती. "हे शास्त्राचं मासिक आहे, लग्नाचं स्थळ नाही," ती म्हणाली. बाबांनी कुरकुर करत काढला.

व्याख्यानाला मी आणि आईसुद्धा गेलो. सभागृह भरलं होतं. आधी ती बोलली, आकडा सांगितला, तो कसा मोजला ते सांगितलं, आणि स्वतःच्या दुरुस्तीचंही सांगितलं. मग बाबा फळ्यापाशी गेले. त्यांनी खडूनं आपला जुना आकडा लिहिला, त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नवा लिहिला. कारण समजावून सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. चांगलं शिकवायचे ते. माझ्या आईलासुद्धा कळलं असं ती म्हणाली.

शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, इतकी वर्षं तुमच्या नावानं ओळखला जाणारा आकडा. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," बाबा म्हणाले. "कितीतरी दिवस धड जेवण गेलं नाही. हिला विचारा." त्यांनी आईकडे हात केला. "मग कारण सापडलं आणि भूक लागली."

लोक हसले. आईनं मान हलवून खरं आहे असं सांगितलं.

त्यानंतर वर्ष गेलं. दुसऱ्या एका देशातल्या गटानं, बाबांसारखेच वेगवान न्यूट्रॉन वापरून, पण अगदी वेगळ्या पद्धतीनं तो आकडा मोजला आणि तो घाईबाईच्या शेजारी येऊन बसला. नव्या कोष्टकात तिचा आकडा छापून आला. संचालकांनी ते पान तिच्या टेबलावर आणून ठेवलं. तिनं त्यावर कपही ठेवला, तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिला आता तो पापुद्राच नको होता. पापुद्रा नसेल तर त्याच्यावरून उसळणं नाही, दुरुस्ती नाही, चौथं घर गाठता येईल. बाबांचं म्हणणं, पापुद्रा काढला की डिटेक्टरमधला वायू नळीत शिरणार आणि न्यूट्रॉन गिळून टाकणार. तिचं म्हणणं, वायूचा डिटेक्टरच नको, सिलिकॉनचा घेऊ. "सिलिकॉनला भेगा जातात," बाबा. "जात नाहीत," ती. हे महिनोन्महिने चाललं. बाबा आठवड्यातून दोन दिवस संस्थेत जायला लागले, नवा पास करून घेतला, आणि जाताना म्हणायचे, "ती पोरगी यंत्राची वाट लावणार आहे, बघून येतो."

काल दुपारी त्यांनी नव्या डिटेक्टरांसह नळी भरली. मी दवाखान्यात एका आजीबाईंच्या कवळीचं माप घेत होतो. फोन वाजला. आजीबाईंच्या तोंडात साचा होता, त्यांनी डोळ्यांनीच घ्या म्हणून सांगितलं.

"चाललं," माझी बायको म्हणाली. मागे पंपांची घरघर होती, आणि तिच्यातून बाबांचा आवाज: "तासभर थांब, मग बोल काय ते."

"थांबते," ती त्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "पण चाललंय."

मी फोन ठेवला आणि आजीबाईंच्या तोंडातला साचा हलक्या हातानं सोडवून घेतला. माप स्वच्छ आलं होतं.